काठापासून होडीपर्यंतचे सहा फूट

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

राज्यातील धरणांच्या जलाशयांवर जलक्रीडा केंद्रे उभारण्याविषयीच्या बातम्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत असतात. स्पीडबोटी, जेट्टी, तरंगती उपाहारगृहे असे बरेच काही त्यांत असते. परंतु चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने तिथे पाण्यापर्यंत कसे पोहोचायचे, याचा उल्लेख माझ्या वाचनात आजवर आलेला नाही. मी ३४ वर्षे सरकारी अभियंता म्हणून धरणांच्या आणि कालव्यांच्या कामांवर काढली, आणि माझा मुलगा २०१९ मधल्या दुचाकीच्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीत आहे. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण थोडक्यात सांगितले तर ही एका बापाची भाबडी इच्छा वाटेल, आणि मला तर एक साधे, करता येण्याजोगे काम सुचवायचे आहे.

विषय शिडाच्या छोट्या होड्यांचा आहे. अपंग आणि धडधाकट माणसांनी एकाच प्रकारच्या होडीत बसून, एकाच पाण्यावर, एकाच नियमांनी शीड हाकारण्याच्या या खेळाला इंग्रजी नाव ‘पॅरा सेलिंग’ असे आहे, आणि पहिली अडचण तिथूनच सुरू होते. मी चौकशी करू लागलो तेव्हा दहांपैकी नऊ जणांनी मला तारकर्लीचा किंवा गणपतीपुळ्याचा किनारा सुचवला, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर स्पीडबोटीमागे दोराने बांधलेली हवाई छत्री होती. म्हणून या पत्रात मी ‘सर्वांसाठी शिडाची होडी’ एवढेच म्हणणार आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द कायद्यापुरताच वापरीन, कारण माझ्या मुलाला तो आवडत नाही. तो स्वतःला अपंग म्हणवतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

शिडाची होडी म्हटले की लोकांना ती कलंडण्याची भीती वाटते. साध्या लहान होडीत ती खरीही असते, कारण तिथे माणसाने आपले वजन या काठावरून त्या काठावर हलवून तोल राखायचा असतो. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही त्याला ते जमणार नाही. ही अडचण ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुटली. क्रिस मिचेल यांनी तेव्हा आखलेल्या होड्या आज ‘हान्सा’ या नावाने जगभर चालतात. त्यांतील सर्वांत प्रचलित ‘हान्सा ३०३’ ही अवघी ३.०३ मीटर लांबीची, दोघांना शेजारी बसता येईल अशी होडी आहे. तिच्या पोटाखाली पाण्यात उतरणाऱ्या पात्याला वजन दिलेले असते, त्यामुळे वाऱ्याने ती कलली तरी ते वजन तिला पुन्हा सरळ करते. आतली बैठक झोळीसारखी, जवळजवळ तळाला टेकलेली असते. माणूस पुढे तोंड करून बसतो, शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून फिरतो, आणि सुकाणूसाठी दोन्ही पायांच्या मध्ये एक उभी दांडी असते, जी ज्या बाजूला ढकलावी त्या बाजूला होडी वळते. वारा वाढला तर शीड डोलकाठीभोवतीच गुंडाळून लहान करता येते. ज्याच्या बोटांत पकड नाही त्याच्यासाठी दोर ओढायला बॅटरीवरची चरखी आणि तिला एक लहानशी कळ बसवता येते. विजेवरच्या चाकाच्या खुर्चीला असते तशीच. यात कुठेही ‘अपंगांची होडी’ असे काही नाही. तीच होडी दहा वर्षांचे मूल चालवते आणि सत्तरीतले आजोबाही चालवतात.

मला हे सगळे माहीत असण्याचे कारण नव्हते. २०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरला मुलीकडे गेलो होतो. तिथून तासाभराच्या आत रटलंड वॉटर नावाचे मोठे जलाशय आहे. निसर्गाने घडवलेले सरोवर नव्हे, १९७० च्या दशकात माती-दगडाचा बांध घालून पिण्याच्या पाण्यासाठी केलेले आपल्यासारखेच धरण. मी बांधाचे पिचिंग, म्हणजे उतारावरचे दगडी अस्तर, पाहत रेंगाळलो होतो, आणि मुलगा बहिणीबरोबर पुढे सेलिंग क्लबच्या आवारात गेला होता. तिथे अपंगांना होडी शिकवणारे स्वयंसेवक होते. मी पोहोचलो तेव्हा त्याला लाइफ जॅकेट चढवणे चालू होते.

त्यानंतरची दहा मिनिटे मी अभियंत्याच्या नजरेने पाहिली, आणि ती मला पाठ आहेत. काठापासून तरत्या धक्क्यापर्यंत जाणारी उतरण रुंद होती, दोन्ही बाजूंना कठडा होता आणि पृष्ठभाग खरखरीत होता, म्हणजे चाके घसरत नव्हती. धक्का पाण्यावर तरंगता असल्यामुळे त्याची आणि होडीच्या काठाची उंची जवळजवळ सारखी होती. धक्क्याच्या कडेला एक खांब, त्याला फिरता हात, आणि हाताला कापडी झोळी. सत्तरी ओलांडलेल्या एका स्वयंसेविकेने ती झोळी मुलाच्या मांड्यांखाली सारली आणि त्यालाच विचारले, ‘कुठे दुखते, कुठे धरलेले चालत नाही?’ तिने मला काहीही विचारले नाही. अपघातानंतर त्या दिवसापर्यंत प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक कचेरीत हे प्रश्न मला विचारले गेले होते, आणि तो समोर बसून ऐकत होता. चरखी फिरली, तो खुर्चीतून वर उचलला गेला, हात पाण्याच्या बाजूला वळला, आणि तो होडीत उतरला. त्याच्या खुर्चीतली जेलची उशी आधीच होडीतल्या बैठकीवर ठेवलेली होती, कारण ज्याला टोचलेले कळत नाही त्याला एका तासात जखम होऊ शकते, हे त्या बाईंना ठाऊक होते. त्याला कुठेही बांधले मात्र नाही. होडीत कुणालाही सहज न सुटणाऱ्या पट्ट्याने बांधायचे नाही, हा तिथला पहिला नियम.

त्याच्या मानेच्या मणक्याला इजा आहे. मनगट वर उचलता येते, बोटे मिटत नाहीत. दोन दिवस ती स्वयंसेविका त्याच्या शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी ती धक्क्यावर माझ्या शेजारी उभी राहिली आणि होडीत तो एकटा होता.

पाण्यात शंभरेक मीटर गेल्यावर वळताना त्याची होडी नेमकी वाऱ्याच्या तोंडाला येऊन थांबली. शीड नुसते फडफडू लागले आणि होडी मागे सरकू लागली. मी पुढे झालो. बाकी कुणीही हलले नाही. सुरक्षा बोट होती, तिचे इंजिन चालू होते, पण तीही जागची हलली नाही. बाईंनी फक्त माझ्या दंडावर हात ठेवला. पाऊण मिनिट गेले असेल. त्याने मनगटाने दांडी विरुद्ध बाजूला ढकलली, होडीचे पुढचे टोक हळूच एका अंगाला वळले, शीड एकदम भरले आणि होडी चालू लागली. परत आल्यावर तो त्याबद्दल काही बोलला नाही. जेवताना मात्र पुन्हा पुन्हा ‘पुढच्या वेळी मी आधीच वेग घेऊन वळणार’ असे म्हणत होता. ‘पुढच्या वेळी’ हे शब्द चार वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

शनिवारी शर्यत होती. सात होड्या होत्या. एकीत शाळकरी मुलगी, एकीत अर्धांगवायूने डावा हात गेलेले गृहस्थ, एकीत दृष्टिहीन बाई सुकाणूवर आणि शेजारी तिला वाऱ्याची व इतर होड्यांची खबर देणारा सोबती, दोन होड्यांत निवृत्त जोडपी, एकीत एक ऐकू न येणारा तरुण, आणि सातवा माझा मुलगा. मला आधी वाटले की हा खेळीमेळीचा प्रकार असेल आणि शेवटी सगळ्यांना टाळ्या मिळतील. प्रत्यक्षात सुरुवातीच्या रेषेवर एकही इंच कुणी कुणाला सोडत नव्हते. या खेळाची सुरुवात पाच मिनिटे आधीपासून झेंड्यांनी होते, सोबत भोंगाही वाजतो. पण नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वेळ झेंड्यावरून मोजायची, भोंगा वाजला नाही तरी बिघडत नाही. म्हणजे त्या बहिऱ्या तरुणासाठी वेगळी सोय करण्याची गरजच नव्हती. ती मूळ नियमातच होती. दुसऱ्या फेरीत माझ्या मुलाची होडी वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या बोयाला घासली. नियमाप्रमाणे त्याला बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घेण्याचा दंड झाला. त्या गिरकीत दोन होड्या त्याच्या पुढे निघून गेल्या आणि तो पाचवा आला. कुणीही ‘असू दे, त्याला माफ करा’ म्हणाले नाही. काठावर परतल्यावर त्या शाळकरी मुलीशी त्याने ‘आधी तू मला वाट द्यायला हवी होती’ म्हणून पंधरा मिनिटे वाद घातला. अपघातापासून त्याच्याशी कुणी वाद घातलेला नव्हता, महोदय. घरात आम्हीही नाही.

या खेळाचा जागतिक इतिहासही आपल्याला विचार करायला लावणारा आहे. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये शिडाच्या होड्या प्रात्यक्षिक म्हणून उतरल्या, २००० साली सिडनीत त्यांना पदके मिळू लागली आणि २०१६ च्या रिओपर्यंत ती मिळत राहिली. ‘२.४ मीटर’ नावाच्या एकट्याने चालवायच्या होडीत सुकाणू पायानेही फिरवता येतो, म्हणून ज्यांना हात नाहीत असे खेळाडूही तीत उतरू शकतात. याच होडीत २००४ आणि २०१६ चे सुवर्णपदक मिळवणारे फ्रान्सचे दामियाँ सेगँ यांना जन्मतः डावा पंजा नाही. ते पुढे एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘वांदे ग्लोब’ शर्यतीत २०२१ च्या जानेवारीत सातवे आले, धडधाकट नाविकांच्या बरोबरीने. असे असूनही हा खेळ टोकियोच्या वेळी पॅरालिंपिकमधून वगळण्यात आला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही तो असणार नाही. त्याचा जगभर पुरेसा प्रसार झालेला नाही, हे कारण आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने २०१५ मध्ये दिले. टोकियोत ज्या खेळांचा नव्याने समावेश झाला त्यांत बॅडमिंटन होते आणि त्यात भारताने दोन सुवर्णांसह चार पदके मिळवली, याचा मला आनंदच आहे. पण ‘प्रसार झालेला नाही’ या वाक्यात आपलाही वाटा आहे. एवढा किनारा आणि एवढी धरणे असलेल्या देशात अपंग माणूस शिडाच्या होडीत बसायला गेला तर त्याला पाचपन्नास ठिकाणे सांगता आली असती, तर ते कारण कदाचित टिकले नसते. स्पर्धा बंद झालेल्या नाहीत. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथे झालेल्या जागतिक सेलिंग स्पर्धेत अपंगांच्या होड्याही इतर वर्गांबरोबरच उतरल्या होत्या. दार उघडे आहे, आपण तिथपर्यंत गेलेलो नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला परत आल्यावर वाचनात कळली आणि जी प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. ब्रिटनच्या हिलरी लिस्टर यांना मानेखाली शरीर हलवता येत नव्हते. तोंडातल्या नळ्यांतून श्वास ओढून आणि फुंकून त्या सुकाणू व शीड चालवत. २००५ साली त्यांनी एकटीने इंग्लिश खाडी ओलांडली आणि २००९ साली एकटीने ब्रिटनला प्रदक्षिणा घातली. २०१४ मध्ये ओमानच्या नश्वा अल किंदी यांच्यासोबत त्यांनी अरबी समुद्र पार केला. त्या सफरीची सुरुवात मुंबईतून झाली होती. ज्या शहरात लोकलच्या पादचारी पुलावर चढणे अपंगाला जमत नाही, त्याच शहराच्या किनाऱ्यावरून केवळ श्वासाच्या बळावर होडी हाकणारी बाई मस्कतला गेली. २०१८ मध्ये त्या वारल्या.

आता आपल्याकडचे. परत आल्यावर त्याच वर्षी दिवाळीनंतर मी मुलाला घेऊन एका धरणावरच्या बोट क्लबवर गेलो. शिडाची होडी मागितलीच नाही. साधी फेरी मागितली. तिकीट देणाऱ्याने आधी मुलाकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि ‘काका, यांना नाही घेता येणार, जबाबदारी कोणाची?’ असे विचारले. तो उद्धट नव्हता, त्याला खरोखरच काळजी वाटत होती. मी म्हणालो, जबाबदारी माझी. त्यावर त्याने हाताने पाण्याकडे दाखवले. काठापासून पाण्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या होत्या, आणि खालच्या चौदा शेवाळलेल्या होत्या. शेवटच्या पायरीपासून होडी सहा फूट दूर पाण्यात दोराने बांधलेली, आणि मध्ये एक फळी.

त्या पायऱ्या मी मोजल्या, कारण तशा पायऱ्यांचे नकाशे मीही काढले आहेत. माझ्या सहीचे पायऱ्यांचे घाट राज्यात तीन ठिकाणी आहेत. ते काढताना पाण्याची पातळी, पायरीची रुंदी, दगडाची प्रत, सगळ्यांचा विचार केला होता. चाकाचा विचार मनात आला नव्हता. अंदाजपत्रकात तो धरला असता तर खर्च फार वाढला असता असेही नाही. हे मी कुणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. ज्या कामात चूक माझ्या हातून झाली, ते कसे दुरुस्त करता येईल हेही मला सांगता आले पाहिजे, म्हणून लिहितो.

आपल्या धरणांची अडचण रटलंडपेक्षा वेगळी आहे. आपला पाऊस चार महिन्यांचा. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेले जलाशय मेपर्यंत कित्येक मीटर खाली जाते. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बाराला एक या प्रमाणापेक्षा तीव्र चालत नाही. म्हणजे पाणी १ मीटर खाली गेले तर उतरणीला १२ मीटर लांबी लागते, आणि १० मीटर गेले तर १२० मीटर. तेवढी लांब तरती उतरण परवडणारी नाही. म्हणून पहिले केंद्र कुठेही करून चालणार नाही. जिथे पातळी त्यातल्या त्यात स्थिर राहते असे जलाशय निवडले पाहिजे. मोठ्या धरणांच्या खालच्या बाजूचे, वरून पाणी घेऊन पुढे देणारे जलाशय त्यासाठी योग्य असते. खडकवासला हे त्याचे अगदी ठळक उदाहरण. त्याची स्वतःची साठवण १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढीच, पण वर पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ टीएमसीचे. उन्हाळ्यात ही वरची धरणे उतरत जातात आणि त्यांचे पाणी खडकवासल्यात सोडून तिथून पुणे शहराला आणि कालव्याला दिले जाते, त्यामुळे खडकवासल्याची पातळी इतरांच्या मानाने कमी हलते. राहिलेल्या चढउतारासाठी धक्का आणि उतरण यांचा सांधा काठावर रुळांवर मागेपुढे सरकता ठेवता येतो. हे काही नवे तंत्र नाही. उपसा सिंचनाचे पंप आपण पाण्याच्या पातळीप्रमाणे वरखाली सरकवतोच. पंप सरकतो तर माणसाचा धक्का का सरकू नये?

खडकवासल्यासाठी आणखीही कारणे आहेत. त्याच जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि तिचे छात्र पीकॉक बे या भागात शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. म्हणजे वारा पुरेसा आहे, पाणी सुरक्षित आहे आणि शिकवणारी माणसे जवळच आहेत, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. तिथून तासाभराच्या अंतरावर खडकी येथे मणक्याच्या दुखापतीने जायबंदी झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पाणी अधू शरीराला काय देते हे ज्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी पाहिले, त्या राज्यात आज पुण्याजवळच्या एकाही धरणावर चाकाची खुर्ची सन्मानाने पाण्यापर्यंत नेता येईल अशी जागा मला सापडली नाही.

पिण्याच्या पाण्यावर होड्या कशा, हा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शिडाच्या होडीला इंजिन नसते, तेल नसते, धूर नसतो. सुरक्षेसाठी एक यांत्रिक बोट लागते, ती विजेवर चालणारी घेता येते. रटलंडचे पाणीही पिण्याचेच आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी कणसांचे आणि भज्यांचे जे कागद पाण्यात जातात, त्यांच्या तुलनेत चार शिडाच्या होड्यांनी पाण्याला काय अपाय होणार? प्रबोधिनीच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर बोये टाकून हद्द आखता येते. शर्यतीला बोये तसेही लागतातच.

काही बाबतींत मात्र परदेशाची नक्कल आपल्याला करता येणार नाही. मानेच्या मणक्याची इजा असलेल्या माणसाला इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे त्याचे अंग तापते आणि तापलेले त्याला कळतेच असे नाही. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी पश्चिमेचा वारा शिडाला उत्तम असतो, पण तीच वेळ अशा माणसाला धोक्याची. त्याच्यासाठी सकाळचे सत्र, पाण्याची फवारणी, धक्क्यावर सावली आणि अर्ध्या तासाची मर्यादा हवी. दुसरे म्हणजे स्वच्छतागृह. हे लिहायला लोक संकोचतात, मी संकोचणार नाही: ज्या ठिकाणी खुर्ची आत नेऊन दार लावता येईल असे स्वच्छतागृह नाही, तिथे अपंग माणूस, विशेषतः अपंग स्त्री, तास-दोन तास थांबूच शकत नाही, मग धक्का कितीही चांगला असो. असे दार किमान ९० सेंटीमीटर रुंद आणि बाहेर उघडणारे हवे. आमच्याकडे कित्येक ठिकाणी दारावर खुर्चीचे निळे चित्र असते आणि आत झाडू व बादल्या ठेवलेल्या असतात.

आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: हे ‘अपंगांचे केंद्र’ होता कामा नये. तसे झाले की वर्षातून एकदा, ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनाला, पाहुणे येतील, हार घालतील, फोटो काढतील, आणि उरलेले वर्ष होड्यांवर ताडपत्री पडून राहील. तो क्लब पहिल्या दिवसापासून मिश्र असला पाहिजे. सिंहगड रस्त्यावरच्या शाळांतली मुले, निवृत्त मंडळी आणि खडकीचे जवान एकाच फीमध्ये, एकाच यादीत. धडधाकट सभासद असतील तर होड्या रोज पाण्यात उतरतील, दोर बदलले जातील, शिडे शिवली जातील, आणि अपंग सभासदाला गेल्या गेल्या होडी तयार मिळेल. रटलंडला मी हेच पाहिले. ज्या निवृत्त गृहस्थांनी सकाळी माझ्या मुलाची झोळी ओढली, त्यांनीच दुपारी शर्यतीत त्याला मागे टाकले.

कायद्याची बाजू भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० मध्ये क्रीडा सुविधांची रचना दिव्यांगांना वापरता येईल अशी बदलण्याचे आणि त्यासाठी निधी देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकलेले आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती आहेत. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्या निधीतून तीनचाकी सायकली आणि झेरॉक्स यंत्रे वाटली जातात. ती वाटू नयेत असे मी म्हणणार नाही. ज्याला त्यावर पोट भरायचे आहे त्याचा हक्क पहिला. पण अशी एक होडी साधारण लहान चारचाकीच्या किमतीत येते, ती वर्षानुवर्षे टिकते आणि आठवड्यात अनेकांना वापरता येते. झोळीचा खांब तर आपल्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. चार होड्या, एक तरता धक्का, एक खांब आणि एक स्वच्छतागृह: एवढ्यावर पहिले केंद्र चालू होते.

माझी विनंती जलसंपदा, क्रीडा, पर्यटन आणि दिव्यांग कल्याण या चार विभागांना आहे. येथून पुढे कोणत्याही जलाशयावरील जलक्रीडेच्या परवान्यात तरता धक्का, बाराला एक उतरण आणि झोळीचा खांब या तीन गोष्टी अटी म्हणून घालाव्यात, आणि पहिला नमुना खडकवासल्याला उभा करावा. एकच विभाग हे करू शकणार नाही हे मला नोकरीच्या अनुभवावरून माहीत आहे. जागा एकाची, पाणी दुसऱ्याचे, परवाना तिसऱ्याचा आणि पैसा चौथ्याचा असतो, आणि फाईल चौघांच्या मध्ये फिरत राहते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी चौघांची एक बैठक बोलवावी.

सरकत्या सांध्याच्या धक्क्याचे नकाशे आणि अंदाजपत्रक मी गेल्या उन्हाळ्यात तयार केले आहे. पातळीतील ५ मीटरपर्यंतचा फरक त्यात धरला आहे, खांबाचे भारमान १५० किलोचे आहे, आणि उतरणीवर दर ९ मीटरला खुर्ची थांबवायला सपाट टप्पा दिला आहे. हा टप्पा माझ्या नकाशात आधी नव्हता, मुलाने तो घालायला लावला. हे कागद मी कोणत्याही मोबदल्याशिवाय द्यायला तयार आहे आणि जागेवर येऊन समजावून सांगायलाही तयार आहे. हल्ली संध्याकाळी तो गॅलरीत बसून समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहतो आणि पाने हलली की वाऱ्याची दिशा आणि वेग ताडून आत आवाज देतो, ‘बाबा, पश्चिमेचा आहे, आठ-नऊ नॉट असेल.’ बैठकीची तारीख ठरली की आम्ही दोघेही येऊ. फक्त ती तळमजल्यावर ठेवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, पुणे